पाण्याचे अंश

सकाळी आठला तात्यांनी दोरीला बांधलेला थर्मामीटर ट्रेंट नदीत सोडला आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. काठावरचं गवत रात्रीच्या हिमाने पांढरं पडलं होतं, पाऊल टाकलं की कुरकुरत होतं. दोन मिनिटं पूर्ण झाल्यावर त्यांनी दोरी वर घेतली, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि म्हणाले, "चार पूर्णांक नऊ." मग आतल्या खिशातून वही काढली. पानावर चार रकाने होते: पातळी, अंश, रंग, मासे. पहिल्या तिन्हींत त्यांनी पेन्सिलीने नोंद केली. चौथा मोकळा ठेवला.

"चाराच्या खाली असतं तर तुला चहा पाजून घरी पाठवलं असतं, डक," ते म्हणाले. "पाचाच्या आसपास आहे. चब खाईल. एकदाच खाईल, पण खाईल."

तात्या हे त्यांचं खरं नाव नाही. लेखात नाव नको, एवढी एकच अट त्यांनी घातली होती आणि मनातल्या मनात मी त्यांना पहिल्या भेटीपासून तात्याच म्हणत आले आहे. वय अठ्ठ्याहत्तर. उमेदीची सगळी वर्षं लाँग ईटनमधल्या एका लेसच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. 'डक' हा मायेचा शब्द आहे. नॉटिंगहॅम आणि डर्बीच्या पट्ट्यात दुकानदार गिऱ्हाइकाला, बसचालक उतारूला, म्हातारी नातवाला 'मी डक' म्हणते. शब्दशः पाहिलं तर 'माझ्या बदका'. आपल्याकडे अनोळखी पोरालाही 'बाळा' म्हणतात, तसं. या भागात आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला हा शब्द एका भाजीवालीने ऐकवला होता आणि त्या दिवशी हे गाव थोडं माझं झालं.

आम्ही बसलो होतो ती जागा ट्रेंट लॉकजवळची. इथे पाण्याचा मेळाच भरतो. बर्मिंगहॅम आणि स्टोककडचं पाणी घेऊन ट्रेंट येते, दक्षिणेकडून सोअर मिळते, इरेवॉश कालवा येऊन टेकतो आणि काही मैल वर डर्बीहून आलेली डर्वेंट ट्रेंटमध्ये शिरलेली असते. ट्रेंटची एकूण लांबी सुमारे २९८ किलोमीटर. ती स्टॅफर्डशरमधल्या बिडल्फ मूरच्या माळावर उगम पावते, आधी दक्षिणेला जाते, मग वळण घेऊन उत्तरेकडे निघते आणि हंबरच्या खाडीत संपते. समोरच्या काठापलीकडे रॅटक्लिफच्या वीजकेंद्राचे आठ शीतन मनोरे उभे होते. रथसप्तमी दोन दिवसांवर होती आणि सूर्य त्या मनोऱ्यांच्या मागून, फारसा उत्साह नसल्यासारखा वर येत होता. मनोऱ्यांतून वाफ निघत नव्हती. ब्रिटनमधलं कोळशावरचं हे शेवटचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झालं. त्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा होता.

तात्या ज्या माशांच्या मागे आहेत त्यांना इथे 'कोर्स फिश' म्हणतात. भरड मासे. जोंधळा, बाजरी, नाचणीला आपण भरड धान्य म्हणतो त्यातली सगळी उतरंड या शब्दात आहे. सामन आणि ट्राउट हे 'गेम फिश', म्हणजे शिकारीचे, मानाचे मासे. त्यांची नदी बहुधा कुणाच्या तरी मालकीची, त्यांच्यावर टाकायची कृत्रिम माशी नाजूक आणि दिवसाचं भाडं जबर. उरलेले सगळे भरड: रोच, चब, डेस, ब्रीम, बार्बल, पर्च, पाइक. कोळशाच्या खाणीतला, गिरणीतला, भट्टीवरचा माणूस रविवारी यांच्या मागे जायचा. शेफील्डचे चाकू-सुऱ्या करणारे कारागीर आगगाडीने झुंडीने नदीकाठी जात आणि दिवसभर गळ टाकत. या कारागिरांच्या क्लबांनीच पुढे मागणी केली की विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवा. त्यांचे खासदार ए. जे. मंडेला यांनी ती संसदेत लावून धरली आणि १८७८ साली कायदा झाला. आजही इंग्लंडच्या नद्यांवर भरड माशांचा हंगाम १४ मार्चला संपतो आणि १६ जूनला उघडतो. आपल्या हौशीवर स्वतःहून तीन महिन्यांची बंदी मागून घेणाऱ्या त्या सुरी-कारागिरांबद्दल मला फार आदर वाटतो.

हिवाळ्याला मोल येतं ते या तारखेमुळे. फेब्रुवारी उजाडला की हाताशी सहाच आठवडे उरतात, त्यातले निम्मे पुरात जातात. तात्या रोज सकाळी फोनवर नदीची पातळी बघतात. सरकारी पर्यावरण खात्याच्या मोजणी-केंद्रांतून दर पंधरा मिनिटांची पातळी कुणालाही बघायला मिळते. पण रंग आणि तापमान बघायला काठावरच यावं लागतं. पूर ओसरताना पाणी चहाच्या रंगावरून हळूहळू हिरवट काचेसारखं होत जातं. पुरती काच व्हायच्या आधीचे दोन दिवस सोन्यासारखे. बर्फ वितळून आलेलं पाणी मात्र सगळ्यांत वाईट, ते आलं की तात्या काठी बाहेरच काढत नाहीत.

त्यांनी पिशवी सोडली. इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण या पिशवीत आपल्याकडचं बरंच काही निघालं.

आधी अळ्या. माशीच्या पांढऱ्या, वळवळणाऱ्या अळ्या मासेमारीच्या दुकानात मापाने मिळतात आणि ते माप अजूनही पाइंट आहे, दूध आणि बिअर मोजायचं तेच. तात्यांच्या डब्यातल्या अळ्या पिवळ्याजर्द होत्या. मी वाकून वास घेतला. हळद. "रोचला आवडते," तात्या म्हणाले. "माझे वडीलही घालायचे." ट्रेंटवर हळदीच्या अळ्यांची रीत जुनी आहे आणि अनेक डब्यांत ती दिसते. चबसाठी डबाबंद मांसाचे चौकोनी तुकडे करून त्यांना करी पावडर चोळणारेही पुष्कळ. दुसऱ्या डब्यात शिजवून फुटलेलं भांगेचं बी होतं. काळ्या दाण्यातून बाहेर आलेला पांढरा कोंब एवढ्याशा शंखासारखा दिसतो आणि रोच तो टिपतो.

मग काठ्या. रोजच्या वापराच्या कार्बन फायबरच्या दोन. तिसरी कापडी पिशवीतून बाहेर आली ती बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून केलेली, वडिलांची. अशा काठ्या घडवायला सुरुवात झाली तेव्हा बांबू भारतातून यायचा आणि कारागीर त्याला 'कलकत्ता केन' म्हणायचे. पुढे चीनमधल्या टाँकिन बांबूने त्याची जागा घेतली. फ्लोटच्या पेटीत मोरपिसाच्या देठाचे फ्लोट होते. मोराचं पीस हलकं, आत स्पंजासारखं, पाण्याने न कुजणारं. माझे काका मुळा-मुठेच्या काठी बसून तंगुसाला बोरूचा तुकडा बांधायचे आणि मोरपीस मिळालं तर मोरपिसाचा देठ. तात्यांनी तो देठ बोटांत फिरवला तेव्हा मला काकांची नखं आठवली.

रीळ सांगायचं राहिलं. तात्यांच्या हातात 'सेंटरपिन' होतं: एका खिळ्यावर फिरणारी चकती, बाकी काही नाही. फुंकर मारली तरी फिरत राहते. याचा पूर्वज लाकडी 'नॉटिंगहॅम रीळ'. नॉटिंगहॅम लेसचं गाव, आणि लेसयंत्रातल्या बॉबिनवरून हे रीळ सुचलं असं या भागात सांगतात. आयुष्यभर बॉबिनं दुरुस्त केलेले तात्या ही गोष्ट सांगताना जरा ताठ बसतात. प्रवाहानेच फ्लोट ओढावा, त्याच्या ओढीने रीळ फिरावं आणि माणसाने फक्त अंगठा टेकवून वेग सांभाळावा, ही या नदीवर घडलेली पद्धत. ट्रेंटवर शिकलेला माणूस अंगठ्यावरून ओळखू येतो, असं तात्या म्हणतात.

साडेआठपासून साडेदहापर्यंत काहीही झालं नाही.

त्या दोन तासांत तात्या सतत काम करत होते. काठापासून दहा-बारा हातांवर संथ आणि वेगवान पाण्याच्या मधली एक रेघ असते, कापडाच्या दुमडीसारखी. फ्लोट त्या रेघेवर सोडायचा, सोडण्याआधी चिमूटभर अळ्या वरच्या अंगाला टाकायच्या, फ्लोट वीस-पंचवीस पावलं खाली जाऊ द्यायचा, परत गुंडाळायचा. पुन्हा चिमूट, पुन्हा फ्लोट. मासे थंड रक्ताचे, पाणी जेवढं गार तेवढी त्यांची पचनशक्ती मंद. हिवाळ्यात मूठभर अळ्या टाकल्या तर मासा दोन खाऊन दिवसभरासाठी तृप्त होतो आणि गळातली उरते. शिवाय तळाचं पाणी दगडगोट्यांना घासत जात असल्याने वरच्यापेक्षा सावकाश वाहतं. म्हणून अंगठ्याने फ्लोटला किंचित मागे धरायचं. मग अळी फ्लोटच्या पुढे, तळालगत, खऱ्या अळीच्या चालीने तरंगत जाते. मला वीस मिनिटं काठी दिली होती. माझ्या हातून तो वेग एकदाही जुळला नाही आणि तात्यांनी प्रत्येक वेळी न बोलता माझा अंगठा उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

एक रॉबिन आला. हिवाळ्यातल्या गळवाल्याकडे रॉबिन येतोच. नारिंगी छातीचा, चिमणीएवढा. तो डब्याच्या कडेवर बसला, एक हळदीची अळी उचलली आणि काठीच्या मुठीवर जाऊन खाल्ली. तात्यांनी त्याच्यासाठी झाकणात वेगळ्या दहा-बारा काढून ठेवल्या.

त्यांनी तंगुसाला लावलेले मणी दाखवले, मोहरीएवढे. पूर्वी ते शिशाचे असत. राजहंस नदीतळातून खडे गिळतात, दाणे दळायला त्यांना ते लागतात. खड्यांबरोबर हे शिशाचे मणी पोटात जायचे आणि विषबाधेने त्यांच्या माना वाकड्या व्हायच्या. १९८७ पासून इंग्लंडमध्ये लहान आकाराची शिशाची वजनं विकायला बंदी आली. "माझ्या खिशातल्या डबीने राजहंस मारले," तात्या म्हणाले. "किती, ते माहीत नाही. ठाऊक नव्हतं म्हणून मारले." मग बराच वेळ ते फ्लोटकडेच बघत होते.

दहा चाळीसला मोरपीस पाण्याखाली गेलं. वर आलेला मासा वीतभर होता. रोच. निळसर झाक असलेली चांदी, लाल पर आणि डोळ्याभोवती लाल कडं. रोहूच्या पिल्लाची आठवण यावी असा, आणि ती आठवण चुकीची नाही. रोच, चब, बार्बल, आपले रोहू, कटला आणि खडस हे सगळे कार्पच्या गोतातले. यांच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. तात्यांनी हात आधी नदीत बुडवून ओले केले, कारण कोरड्या तळव्याने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. बिनकाट्याचा गळ अलगद सुटला. मासा हातातून पाण्यात गेला.

"खायचा नाही?" हा प्रश्न मी पहिल्या हिवाळ्यात विचारला होता. माझ्या माहेरी गळाला लागलेला मासा थेट चुलीकडे जायचा. काका सकाळी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून निघायचे आणि दुपारी काकू मिरच्या वाटून वाट बघायची. मरळ, वाम, शिंगाडा, मिळेल ते. खाण्यासाठी मासा धरणं मला आजही सगळ्यांत सरळ व्यवहार वाटतो, आणि पकडून सोडण्यात माशाला होणारा त्रास माझ्या मनातून गेलेला नाही. तात्यांशी मी यावर वाद घातला आहे. त्यांनी तो टाळला नाही. म्हणाले, "त्याला त्रास होतो. मी तो थोडा करायचा प्रयत्न करतो." १६५३ साली गळ-मासेमारीवरचं इंग्लंडमधलं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक लिहिणारे आयझॅक वॉल्टन चब भाजायची कृती देतात. त्या काळी सोडून द्यायची रीत नव्हती. ती नंतर, नद्या गिरण्यांनी आणि गावांनी वेढल्या गेल्यावर पक्की होत गेली.

दुपारी आम्ही तिळगूळ खाल्ला आणि थर्मासमधला आल्याचा चहा प्यायलो. समोरच्या मनोऱ्यांकडे बघत तात्यांनी त्यांच्या तरुणपणीची ट्रेंट सांगितली. तेव्हा नदीच्या काठाने कोळशाच्या वीजकेंद्रांची रांग होती. जवळचं कॅसल डॉनिंग्टनचं केंद्र १९९४ साली बंद झालं, बाकीची एकेक करत गेली. केंद्रं नदीचं पाणी घेत आणि कोमट करून परत सोडत. बाहेर हिम पडत असलं तरी त्या तोंडाशी रोच उन्हाळ्यासारखे खात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत रविवारी स्पर्धेसाठी देशभरातून बसगाड्या भरून माणसं येत आणि काठावर क्रमांकाच्या खुंट्यांवर मैलभर ओळीने बसत.

पण ती सुखाची गोष्ट पुरती सुखाची नव्हती, आणि हे तात्याच सांगतात. ट्रेंटची एक उपनदी टेम. ती बर्मिंगहॅम आणि भोवतालच्या कारखानदारीचं सांडपाणी वाहून आणायची आणि तिच्या संगमाखालच्या ट्रेंटमध्ये कित्येक वर्षं मासे जगतच नव्हते. १९८० साली टेमवर ली मार्स्टन इथे तळी खोदली गेली, गाळ आणि विष खाली बसावं म्हणून. मैलाशुद्धीकरण सुधारलं, कारखाने बंद पडले किंवा वठणीवर आले. नव्वदच्या दशकात पाणी इतकं नितळ झालं की रोचचे मोठे थवे कमी झाले आणि स्पर्धेतले लोक म्हणू लागले की नदी जास्तच स्वच्छ झाली. कॉर्मोरंटना, म्हणजे पाणकावळ्यांना, नितळ पाण्यात मासा सहज दिसतो हेही खरं. रोच घटले तसे चब आणि बार्बल वाढले. नदी बरी होते तेव्हा आपल्याला आठवते तशीच परत येत नाही. तात्यांना याची चुटपुट आहे, तक्रार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळते. आम्ही बसलो होतो तिथून काही मैल वर डर्वेंट ट्रेंटला मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर डर्बी शहराखालच्या डर्वेंटमध्ये तीन ठिकाणांहून घाण यायची. ब्रिटिश सेलनीज या कृत्रिम रेशमाच्या कंपनीचं रसायन, डर्बी नगरपालिकेचा अर्धवट शुद्ध केलेला मैला आणि वीज प्राधिकरणाच्या केंद्राचं गरम पाणी. मासे मेले. त्या पट्ट्यात मासेमारीचा हक्क होता 'प्राइड ऑफ डर्बी' या गळवाल्यांच्या संघटनेकडे. काठालगतची जमीन हॅरिंग्टनच्या अर्लची. दोघांनी मिळून या तिघांवर दावा लावला. एकीकडे शहर, बडा कारखाना आणि देशाचं वीज प्राधिकरण, दुसरीकडे एक मासेमारी क्लब आणि एक जमीनदार.

त्यांच्या पाठीशी उभी राहिली १९४८ साली स्थापन झालेली गळवाल्यांचीच एक संस्था. जॉन ईस्टवुड हे बॅरिस्टर आणि हौशी मासेमार तिचे संस्थापक. त्यांचं म्हणणं साधं होतं. नवा कायदा येण्याची वाट कशाला पाहायची? काठाच्या मालकाला आणि मासेमारीचा हक्क असणाऱ्याला नदीचं पाणी मूळच्या गुणाचं मिळालं पाहिजे, हे इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत आहेच. तो हक्क घेऊन कोर्टात जायचं. १९५२ साली प्राइड ऑफ डर्बीच्या बाजूने निकाल लागला आणि अपील न्यायालयातही टिकला. प्रतिवादींचा एक युक्तिवाद असा होता की मनाईहुकूम कशाला, नुकसानभरपाई घ्या. न्यायालयाने ते मानलं नाही. पैसे भरून नदी घाण करत राहण्याची मुभा कुणाला विकत मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. सुधारणा करायला मुदत दिली, पण हुकूम दिला. पुढे लॉर्ड डेनिंग म्हणून गाजलेले न्यायमूर्ती त्या खंडपीठावर होते. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही शिकवला जातो, गळवाल्यांच्या नावाने.

ज्या गरम पाण्याच्या आठवणीने तात्यांचा चेहरा उजळतो, तेच गरम पाणी या खटल्यात घाण म्हणून उभं होतं. मी हे त्यांना म्हटलं. ते हसले. "ठाऊक आहे, डक. माझे वडील त्या क्लबात नव्हते. पण निकाल लागला तेव्हा त्यांनी बिअर पाजली होती सगळ्यांना."

हे ऐकताना माझं मन मुळा-मुठेकडे गेलं. कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरत होते. त्यांनी पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत सापडलेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. ते १८३९ सालचं म्हणून नोंदलं जातं. माशाच्या तोंडाशी चार मिशा होत्या, म्हणून त्याला युरोपातल्या बार्बलच्या वंशात घालून त्यांनी नाव ठेवलं 'बार्बस खुद्री'. आता त्याचा वंश 'टॉर' मानतात. आमच्याकडे तो खडस. म्हणजे ज्या बार्बलसाठी लोक ट्रेंटवर येतात, त्याचा आणि माझ्या माहेरच्या नदीतल्या माशाचा गोत्रसंबंध कुणीतरी पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी कागदावर मांडला होता. माझं माहेर दौंड तालुक्यात, त्याच नदीच्या काठी, साइक्सच्या जागेपासून थोडं खाली. पुणे शहराचं सांडपाणी घेऊन नदी तिथे येते. लहानपणापासून मी तिच्यावर फेस आणि जलपर्णी पाहत आले. तिथे खडस पाहिलेला माणूस मला कधी भेटला नाही. काकांनाही तो फक्त नावाने माहीत होता. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खडसाची पैदास होते, पिलं दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली. त्यातली काही कावेरीत गेली आणि तिथल्या मूळच्या, कुबडाच्या महसीरलाच त्यांच्यामुळे धोका झाला. मासा आहे, पण त्याच्या स्वतःच्या नदीत नाही.

काठावर काळपट दांडे आडवे पडलेले दिसत होते. हिमालयातला बाल्सम. गुलाबी फुलांचं हे झाड १८३९ सालीच बागेसाठी इंग्लंडमध्ये आणलं गेलं. उन्हाळ्यात ते काठ झाकून टाकतं, थंडीत मरतं आणि उघडी माती पुरात वाहून जाते. उन्हाळ्यात तात्यांचा क्लब ते उपटायला दिवस ठरवतो.

क्लब म्हणजे साठ-सत्तर म्हातारी माणसं आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी मुलं. पण नदीवर रोज कुणीतरी असतं. विलोच्या फांद्यांना पुरात येऊन अडकलेल्या ओल्या पुसण्या, म्हणजे वेट वाइप्स, त्यांना आधी दिसतात, दगडांवरची करडी बुरशी आधी दिसते. इंग्लंडमध्ये पावसाळी अतिरिक्त पाण्याच्या नावाखाली नद्यांत आणि समुद्रात न शुद्ध केलेलं मैलापाणी सोडतात. २०२३ साली असं सुमारे ४ लाख ६४ हजार वेळा घडलं, मिळून ३६ लाख तास. पर्यावरणीयदृष्ट्या चांगल्या स्थितीत असलेल्या इंग्लंडच्या नद्या १४ टक्केच. म्हणजे डर्बीचा खटला जिंकून विषय संपलेला नाही. ईस्टवुडची संस्था २००९ साली अँग्लिंग ट्रस्टमध्ये आली आणि तिची कोर्टकचेरीची बाजू 'फिश लीगल' नावाने चालते. पाणीपुरवठा कंपन्या खासगी झाल्यावर म्हणत होत्या की आम्ही सरकार नाही, माहिती द्यायला बांधील नाही. फिश लीगलने लढून २०१५ पर्यंत ठरवून घेतलं की पर्यावरणाच्या माहितीपुरत्या त्या सार्वजनिक संस्थाच आहेत. यॉर्कशरमधल्या पिकरिंग गावच्या छोट्या मासेमारी क्लबाने अपर कोस्टा बेक या ओढ्यासाठी थेट सरकारवर खटला भरला, २०२३ साली जिंकला, आणि एप्रिल २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. नाव घ्यायला लागावं असा ओढाही नाही तो. तिथे माणसं बसतात म्हणून तो कोर्टात पोचला.

साडेतीनला तात्यांनी फ्लोट काढला. आता चबची वेळ. आखूड काठी, जिचं टोक वेताच्या छडीसारखं लवचीक असतं, ती आडवी टेकवली. तारेच्या छोट्या पिंजऱ्यात कुस्करलेला पाव भरला आणि गळाला पावाच्या आतल्या मऊ भागाचा बोटभर तुकडा दाबून लावला. खाली वाकलेल्या विलोच्या सावलीत, दुमडीच्या अलीकडे तो पडला. आता फक्त टोकाकडे बघायचं. थंडी पावलांतून वर चढत होती. मनोरे जांभळे झाले. एक विमान खाली उतरत गेलं.

पावणेपाचला टोक थरथरलं. थांबलं. मग सावकाश, कुणी हात धरून ओढावं तसं पूर्ण वाकलं.

तात्या उठले नाहीत, फक्त मनगट मागे गेलं. चबची पहिली धाव मुळांकडे असते. पहिल्या दहा क्षणांत तो मुळांत शिरला की संपलं. त्यांनी अंगठ्याने रीळ जवळजवळ बंद केलं, काठी पाण्याला समांतर बाजूला नेली आणि तंगूस वीणेच्या तारेसारखा वाजला. मी जाळं धरून गुडघ्यापर्यंत चिखलात उभी होते. पाण्यातून आधी पांढरे जाड ओठ वर आले, मग पितळी खवले, एकेक खवला काळ्या रेघेने काढल्यासारखा. जाळं त्याच्याखाली गेलं तेव्हा मी श्वास सोडला. ओल्या चटईवर ठेवून, ओल्या पिशवीत वजन केलं: चार पौंड सहा औंस, दोन किलोला जरा कमी. मग तात्यांनी गुडघे टेकले. दोन्ही हातांत त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवलं. कल्ले उघडझाप करत होते. मिनिटभराने शेपटी हलली आणि त्यांचे हात रिकामे झाले.

थर्मामीटर पुन्हा पाण्यात गेला. पाच पूर्णांक दोन. बॅटरीच्या उजेडात तात्यांनी चौथा रकाना भरला: रोच सात, चब एक. मी वही मागितली. ती एकोणिसावी होती. पहिली १९६८ ची, घरी आहे. मागची पानं चाळताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या नदीचं पाणी हिवाळ्यात किती असतं?"

मला सांगता आलं नाही. काकांनी कधी मोजलं नव्हतं, मी कधी मोजलं नव्हतं. तात्यांनी पिशवीतून जुना, दोरी गुंडाळलेला दुसरा थर्मामीटर काढला आणि माझ्या कोटाच्या खिशात टाकला.

फेब्रुवारीच्या शेवटी भाचीच्या लग्नासाठी मी माहेरी गेले. हळदीच्या सकाळी, कुणी उठायच्या आत, नदीवर उतरले. जलपर्णी बाजूला सारून दोरी सोडली, घड्याळ लावून दोन मिनिटं थांबले. बावीस अंश. घाटाच्या पायरीवर बसून मी तो आकडा तात्यांना पाठवला. तिकडे मध्यरात्र उलटली होती, तरी उत्तर लगेच आलं. एकच शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"रंग?"

मी चप्पल काढली आणि परत पाण्यापर्यंत खाली गेले.